खारे पाणी, गोडे पाणी

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या आंजीच्या नावापुढे कंसात ‘मोठी’ असे लिहिण्याची वहिवाट आहे. गाव मोठे असो वा नसो, समुद्राच्या बाबतीत ते अगदीच पोरके आहे. वर्धा-आर्वी रस्त्यावर उभे राहून कोणत्याही दिशेला तोंड करा, समुद्र गाठायला शेकडो किलोमीटर तुडवावे लागतात. आमचे पाणी म्हणजे धाम नदीचे आणि विहिरीचे, दोन्ही गोडे. मीठ आम्हांला ठाऊक ते डब्यातले. अशा गावच्या माणसाने होडीच्या जुन्या मोटरीला खाऱ्या पाण्यापासून कसे जपावे या विषयावर दिवाळी अंकात लिहावे, हे वाचून आमच्या नेहमीच्या वाचकांपैकी काहीजण चष्मा काढून पुसतील. त्यांनी तो खुशाल पुसावा. या लेखणीला खारे पाणी लागले ते सोयरिकीमुळे.

आमची धाकटी लेक शिकायला म्हणून पुण्याला गेली आणि तिने सासर निवडले ते थेट मालवणजवळच्या देवबागचे. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी आणि मध्ये माडांनी गच्च भरलेली वाळूची चिंचोळी पट्टी, असे ते गाव. लग्नात आमच्याकडच्या बायका एकमेकींच्या कानाशी लागून विचारीत होत्या, “प्याले पानी तं गोड भेटते ना वं बाई?” सर्वांनी तो प्रश्न हसण्यावारी नेला. बापाच्या मनात मात्र तो काट्यासारखा रुतून बसला.

व्याही मासेमारी करतात. होडी लहान आहे आणि तिच्या मागच्या फळीला अडकवलेली आउटबोर्ड मोटर वीस वर्षांची आहे. घरात सहा माणसे. त्या सहा तोंडांचा घास त्या एका मोटरीच्या पंख्यावर फिरतो म्हटले तरी चालेल. नवी घ्यायची तर लाखाच्या पुढची गोष्ट.

ज्यांनी ही मोटर पाहिली नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. वर इंजिनाचे डोके, खाली लांब मान आणि मानेच्या शेवटी पंखा, अशी ती उभी बाहुली असते. इंजिन थंड राखण्यासाठी तिला मोटारगाडीसारखा रेडिएटर नसतो. मानेत एक छोटा रबरी चाकाचा पंप असतो. ज्या पाण्यात होडी तरंगते तेच पाणी तो वर ओढतो, सिलिंडरभोवती फिरवतो आणि बाहेर टाकतो. पाणी नीट फिरते आहे की नाही, हे मागून उडणाऱ्या एका बारीक धारेवरून कळते. ही मोटर लोकप्रिय केली ती ओले एव्हिनरूड नावाच्या, नॉर्वेत जन्मलेल्या अमेरिकन कारागिराने. विस्कॉन्सिनमधल्या एका तळ्यापलीकडून त्याने आपल्या प्रियेसाठी आइस्क्रीम आणले. होडी वल्हवता वल्हवता ते वाटेतच वितळले आणि त्यावरून त्याला मोटरीची कल्पना सुचली, अशी आख्यायिका सांगतात. १९०९ मध्ये त्याने ती विकायला काढली. म्हणजे या मोटरीचे माहेर तळ्यातले, गोड्या पाण्याचे. समुद्र हे तिचे सासर. सासरची माणसे कशी वागवतात यावर तिचे आयुष्य अवलंबून.

गेल्या मे महिन्यात मी आठ दिवस देवबागला होतो. कर्लीच्या मुखाशी वाळूचे दांडे सारखी जागा बदलीत असतात. एके सकाळी परत येताना होडी अशा एका दांड्यावर घासली, मोटरीला हिसका बसला, फळीला आवळून धरणारे स्क्रू आधीच सैल झाले असावेत, आणि चालती मोटर सबंध उखडून पाण्यात गेली. दोरीने होडीला बांधलेली होती म्हणूनच ती हाती लागली. तरी वर काढीपर्यंत अर्धा तास गेला.

किनाऱ्यावर आणून ठेवली तेव्हा मी पुढे सरसावलो. याला कारण होते. आमच्या शेतातल्या विहिरीवरचे ऑइल इंजिन एका पावसाळ्यात पुरात बुडाले होते. ते खोलून मी चार दिवस उन्हात वाळवले आणि ते पुन्हा चालले. विदर्भाच्या उन्हाचा आम्हां लोकांना एक निराळाच अभिमान असतो. मी म्हटले, “गोणपाट पसरा, मोटर उन्हात ठेवा. दुपारपर्यंत खडखडीत वाळेल.”

व्याही एरवी माझा शब्द खाली पडू देत नाहीत. त्या दिवशी त्यांनी तो पडू दिला. “मास्तरांनू, उन्हात नको. उन्हात ठेवलात तर सांजेपर्यंत मशीन मेला म्हणून समजा.” असे म्हणून त्यांनी विहिणबाईंकडे पाहिले. मालवणहून मेकॅनिक दुसऱ्या दिवशी सकाळीच येऊ शकणार होता. तोवर मोटर गोड्या पाण्यात संपूर्ण बुडवून ठेवायची, असे त्यांचे म्हणणे. न्हाणीजवळ सिमेंटची टाकी होती. ती भरायला चाळीस कळशा पाणी लागणार होते.

मला हा निव्वळ वेडेपणा वाटला. पाण्यात बुडून बिघडलेल्या यंत्राला पुन्हा पाण्यातच बुडवायचे? आणि पाणी तरी कोठले? वाळूच्या पट्टीतली विहीर. पावसाचे गोडे पाणी वाळूत मुरून खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, तेच विहिरीत येते. मे महिन्यात ते खाली गेलेले असते, आणि एकदम फार उपसले तर खालचे खारे पाणी वर चढून विहीर मचूळ होते. विहीणबाई दिवसाला मोजून कळशा काढीत होत्या. त्यांनी क्षणभर विहिरीत डोकावून पाहिले आणि पदर खोचला. म्हणाल्या, “दोन दिस पाणी कमी पितलंव. पण मशीन नसला तर वरीस कसा काढतलंव?”

मग सगळेच रहाटाला लागलो. पाणी वर चढू द्यायला मधूनमधून थांबत, दुपारपर्यंत चाळीस कळशा काढल्या. पाणी जसजसे वर येऊ लागले तसतशी लेक मोटरीवर कळश्या ओतून आधी वरचे मीठ धूत होती. शेवटी मोटर टाकीत आडवी निजवली. बुडबुडे आले, थांबले. त्या रात्री सर्वांनी आमटी-भातावर भागवले, हात धुवायला वाटीभर पाणी घेतले, आणि कोणी त्याबद्दल अवाक्षर काढले नाही.

सकाळी मेकॅनिक आला. पंचविशीतला मुलगा, बोटे काळी, बोलणे थोडे. त्याने मोटर बाहेर काढली, प्लग उघडले आणि वरचे जड चाक हाताने सावकाश फिरवून पाहिले. चालती मोटर बुडाली की सिलिंडरमध्ये पाणी शिरते. पाणी दबत नाही, आणि आतला दांडा वाकण्याची भीती असते. दांडा सरळ होता. मग त्याने मोटर उपडी करून पाणी गाळले, कार्ब्युरेटर खोलून धुतला, विजेच्या तारांची टोके पुसून कोरडी केली, पेट्रोल आणि गियरचे तेल बदलले, सिलिंडरमध्ये तेल सोडून चाक पुन्हा फिरवले आणि प्लग लावले. दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. विहीणबाई तुळशीपाशी उभ्या होत्या. नवव्या की दहाव्या खेपेला मोटर खोकली, पांढरा धूर ओकली आणि सुरू झाली. व्याही काही बोलले नाहीत, नुसते खाली बसले. मेकॅनिकने तिला तासभर पाण्याच्या पिंपात चालवली आणि मगच हात पुसले.

मी त्याला विचारले, “उन्हात ठेवली असती तर?” तो म्हणाला, “मोटर पाण्यात पडून मरत नाही, काका. बाहेर काढल्यावर मरते.”

आंजीला परतताना गाडीत मी त्या एका वाक्यावर विचार करीत होतो. लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात, हे आपण शाळेत शिकलो. खोल पाण्यात प्राणवायू बेताचाच असतो. ओली मोटर हवेत आणली की दोन्ही भरपूर मिळतात. त्यात समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार. म्हणजे आपल्या घरच्या १५ लिटरच्या बादलीत अर्धा किलोहून जरा अधिक मीठ! उन्हाने पाणी उडून जाते, मीठ मागे राहते, आणि उरलेला ओलावा अधिकाधिक खारट होत बेअरिंगच्या पोलादी दांड्यांवर काम करू लागतो. काही तासांतच त्यांच्यावर गंजाची साय धरते. माझे ऑइल इंजिन वाचले ते माझ्या हुशारीने नव्हे. ते गोड्या पाण्यात बुडाले होते, एवढेच.

मिठाचा स्वभाव आमच्या वाचक भगिनींना सांगायला नकोच. पावसाळ्यात मिठाच्या डब्याला पाणी सुटते ते उगीच नव्हे. हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ हवेतले पाणी स्वतः ओढून घेऊन विरघळू लागते, आणि समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असल्याने ते आणखीच हावरट. म्हणजे मोटर कोरडी दिसली तरी तिच्या पोटात मीठ असेल तोवर ती कोरडी नाही. लोणचे आपण पितळेच्या भांड्यात घालत नाही, चिनी मातीच्या बरणीत घालतो. होडीवाल्याला बरणीची सोय नाही. त्याची मोटर मुख्यतः ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची, तिच्यात पोलादाचे बोल्ट, आणि सगळे दररोज लोणच्यात.

म्हणूनच मोटर बुडणे ही वर्षातून एखादी आपत्ती, पण मीठ हे रोजचे सावकारी व्याज. समुद्रावरून घरी आल्यानंतरचा पाऊण तास कसा जातो, यावर मोटरीचे वय ठरते. मेकॅनिककडून आणि व्याह्यांकडून जे पाहिले आणि विचारून घेतले, ते येथे सांगतो.

पहिली गोष्ट, आंघोळ. प्रत्येक फेरीनंतर, त्याच दिवशी, मोटरीच्या पोटातून गोडे पाणी फिरवायचे. पाणी घेण्याच्या जाळीवर बसणाऱ्या दोन रबरी वाट्या मिळतात, त्यांना नळी जोडतात. किंवा पंखा काढून, गियर मोकळा ठेवून, मोटर पिंपात उभी करून चालवतात. पाणी जाळीच्या बरेच वर हवे. हे काम उघड्यावर करावे, कारण धूर विषारी असतो. दहा-पंधरा मिनिटे लागतात. घाई उपयोगाची नाही, कारण सिलिंडरभोवतीच्या वाटा राखणारी झडप इंजिन तापल्यावरच उघडते. दोन मिनिटांत बंद केले तर खालची मान धुतली जाते, डोके खारटच राहते. पाणी न देता मोटर क्षणभरही चालवू नये, पंपाचे रबरी चाक जळते. धार बारीक झाली तर चाक बदलावे. धुऊन झाले की मोटर उभीच ठेवून आतले सगळे पाणी गळू द्यावे.

दुसरी गोष्ट, डोक्याची. वरचे झाकण काढून इंजिन गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसावे, कोरडे करावे आणि तेलाचा पातळ हात फिरवावा. तापल्या इंजिनावर पाण्याचा फवारा मारू नये.

तिसरी गोष्ट, बोल्टांची. जुन्या मोटरीचा नेहमीचा रोग म्हणजे ॲल्युमिनियममध्ये रुतून बसलेला पोलादी बोल्ट. दोन निराळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना भिडले की एक दुसऱ्याला खातो, आणि येथे खाल्ले जाते ते ॲल्युमिनियम. त्याचा पांढरा भुगा आट्यांत दाटतो. मग पान्हा लावला की बोल्टचे डोके तुटून हातात येते. म्हणून बोल्ट वर्षातून एकदा उघडून, आट्यांना ग्रीस लावून परत बसवावेत. पंख्याच्या दांड्यालाही ग्रीस.

चौथी गोष्ट, रंगाची. रंगाखाली फोड आला की आत तोच पांढरा भुगा असतो. वरून नवा रंग फासणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे. स्वच्छ धातू दिसेपर्यंत खरवडावे, गोड्या पाण्याने धुवावे, वाळवावे, ॲल्युमिनियमला धरणारा अस्तराचा रंग द्यावा आणि मग वरचा. शेवाळ धरू नये म्हणून होडीच्या तळाला देतात तो तांबेयुक्त रंग मोटरीला कधीही देऊ नये. तांबे ॲल्युमिनियमचा वैरी आहे.

पाचवी गोष्ट, गियरच्या तेलाची. थोडे तेल काढून पाहावे. दूध घातलेल्या चहासारखे दिसले, तर रबरी सील फाटून पाणी आत शिरले आहे. सील बदलल्यावाचून नुसते तेल बदलणे व्यर्थ.

सहावी गोष्ट मला सर्वांत नवलाची वाटली. मोटरीच्या मानेला जस्ताची एक वडी बसवलेली असते. तिचे काम एकच, झिजणे. समुद्राच्या पाण्यात ॲल्युमिनियमपेक्षा जस्त लवकर खाल्ले जाते, म्हणून ते स्वतः झिजते आणि मोटर वाचते. ही युक्ती जुनी आहे. हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने १८२४ मध्ये ब्रिटिश आरमारासाठी ती सुचवली. लाकडी जहाजांच्या तळाला तेव्हा तांब्याचे पत्रे ठोकीत. त्या तांब्याला डेव्हीने लोखंडाचे आणि जस्ताचे तुकडे जोडले. ज्या जहाजांवर हा प्रयोग झाला त्यांतले ‘समारंग’ हे आपल्या कोचीनला बांधलेले होते. तांबे वाचले खरे, पण गंमत अशी, की तांबे विरघळेनासे होताच त्याचे विषही पाण्यात उतरेनासे झाले, आणि तळाला शेवाळ अन् शिंपले यांचे थर चढून जहाजे मंदावली. आरमाराने ती युक्ती तांब्यापुरती सोडून दिली. ती आज टिकून आहे ती पोलादाच्या जहाजांवर आणि देवबागच्या होडीवर. वडी निम्मी झिजली की बदलावी. तिच्यावर रंग चढवू नये, रंगवलेली वडी झिजत नाही आणि वाचवीतही नाही. तिचा मोटरीच्या धातूशी उघडा संपर्क हवा आणि मोटर पाण्यात असताना वडीही पाण्यात हवी. खाडीच्या मचूळ पाण्यात जस्तावर कवच धरते, तेथे ॲल्युमिनियमची खास वडी बरी.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. कोकणच्या पावसाळी हवेत याच दोन महिन्यांत जुन्या मोटरी घरबसल्या मरतात. ठेवण्यापूर्वी शेवटची आंघोळ सावकाश घालावी, कार्ब्युरेटरमधले इंधन काढून टाकावे, प्लगच्या भोकांतून थोडे तेल सोडून चाक हाताने फिरवावे म्हणजे आत पातळ थर बसतो, गियरचे तेल नवे भरावे आणि मोटर उभी करून, वारा खेळेल अशा जागी ठेवावी. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नये, आत घाम धरतो.

निघायच्या आदल्या दिवशी लेकीने मला सिंधुदुर्ग किल्ला दाखवला. १६६४ साली त्याचा पाया घातला गेला. चहूकडे खारा समुद्र, आणि आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. नावे ऐकूनच कळते की गोडे पाणी ज्याला मिळाले त्याला त्याची किती अपूर्वाई होती. परत आलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. व्याह्यांची होडी नुकतीच लागली होती. लेकीने न सांगता नळी ओढली, रबरी वाट्या बसवल्या, दोरी ओढून मोटर सुरू केली आणि धारेवर नजर ठेवून उभी राहिली. अधूनमधून धारेत बोट धरून जिभेला लावून पाही, पाणी अजून खारट लागते का. विहीणबाई तिथूनच म्हणाल्या, “बस झाला गो, तू जेव आधी.” तिने मान हलवली, “आई, दोन मिनिटं.” लग्नात आमच्याकडच्या बायकांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला त्या दोन मिनिटांत मिळाले. मी काही बोललो नाही, फक्त तिच्याकडून नळी हातात घेतली.

आता मुंबई-पुण्याचे वाचक म्हणतील, आमच्याकडे होडीही नाही आणि मोटरही नाही. खरे आहे. पण सुट्टीत अलिबागच्या किंवा गणपतीपुळ्याच्या वाळूवर फिरवून आणलेली तुमची स्कूटर? समुद्रासमोरच्या खिडकीचे लोखंडी गज? पोरांची वाळूत लोळलेली सायकल? त्यांनाही मीठ घरी आल्यावरच खाते. त्याच रात्री दोन बादल्या गोड्या पाण्याने ती धुतली, पुसली आणि तेलाचा बोळा फिरवला, तर पुढच्या दिवाळीला नवी घ्यावी लागणार नाही.

आणि आंजीचे काय? घरी आल्यावर मी पहिल्यांदा गोठ्यातला फवारणीचा पंप पाहिला. गेल्या हंगामात कपाशीवर विद्राव्य खत फवारून तो तसाच टांगला होता. खतही क्षारच. पितळी नळीच्या तोंडाशी हिरवा थर, लोखंडी दांड्यावर तांबडा. समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर, आमच्या गोड्या पाण्याच्या गावात, मी माझा पंप मिठाला खाऊ घातला होता. मी बादली भरली. बायको म्हणाली, “आल्या आल्या हे काय? चहा तरी घ्या.” मी म्हटले, “दोन मिनिटं.”